टिकली हिरवी होती

माझ्या हातून जे झालं त्याला फार अक्कल लागली नाही. मी फक्त एक डबा फिरवून ठेवला. डब्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "किती देऊ?"

मी रत्नप्रभा आसुटकर. वरोऱ्याच्या बसस्टँडमागे माझं औषधांचं दुकान आहे. आधी सासऱ्यांचं होतं, गेली अठरा वर्षं माझं आहे. गावात मला सगळे रत्नाताई म्हणतात आणि डॉक्टरांपेक्षा आधी मला विचारतात. या गोष्टीचा मला फार अभिमान होता, हेही सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या अभिमानातूनच झालं.

पूर्वी उन्हाच्या लोशनवर मुदत छापलेली असायची. अमुक महिना, तमुक साल, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'तीस अंशांखाली ठेवावे'. आता आमच्याकडे एप्रिलमध्ये तीस अंशांखालची जागा म्हणजे एक तर विहिरीचा तळ, नाहीतर माझा फ्रीज. फ्रीज इन्शुलिननं गच्च भरलेला. गेल्या दहा वर्षांत मे महिन्यातला पारा एकोणपन्नासला टेकायला लागला, तशी ती छापील मुदत म्हणजे लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त झाली. छापलेला एक, लागणार भलत्याच वेळी. लोशन वर्षभर आधीच निकामी व्हायचं आणि बाटली मात्र ऐटीत सांगायची, अजून मी चांगली आहे.

मेलेलं लोशन ओळखू येत नाही, हीच तर पंचाईत. त्यात काही रेणू असे असतात, की ते उन्हातले अतिनील किरण अंगावर झेलतात, त्यांची थोडी ऊब करून सोडून देतात आणि पुन्हा झेलायला तयार होतात. उष्णतेनं हे रेणू हळूहळू मोडतात. मोडले तरी रंग तोच, वास तोच, हाताला लागणारा गारवा तोच. झेलणारं मात्र कुणी उरत नाही.

म्हणून चालत्या मुदतीचा कायदा आला. बाटलीवर रुपयाएवढी गोल चकती लावायची. तिच्यात दोन थर, मध्ये बारीक पडदा. अंगठ्यानं दाबलं की पडदा फुटतो, दोन्ही थर एकमेकांत मुरायला लागतात आणि हिरवा रंग आधी पिवळा, मग तपकिरी होतो. उष्णता दहा अंशांनी वाढली की मुरणं साधारण दुपटीनं वाढतं, आणि लोशनचं मोडणंही तसंच. म्हणजे चकतीचं आणि लोशनचं वय एकाच चालीनं वाढतं. तपकिरी झालं की विकायचं नाही, विकलं तर परवाना गेला. सरकारी कागदात तिला 'गतिमान मुदत-दर्शक' म्हणतात. आमच्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव टिकली ठेवलं. वापरून झालेली टिकली बाटलीवरून काढून आरशाला चिकटवायची सवयही लगेच लागली. का, ते विचारू नका. टिकली म्हटली की ती आरशालाच जाते.

आता आमच्या गावात गोडंतेल सुटं मिळतं, फिनाइल सुटं मिळतं, तसं हे लोशनही सुटं मिळायला लागलं. 'ओसरी' नावाच्या कंपनीचे वीस-वीस लिटरचे डबे यायचे. घरून बाटली आणायची, मी भरून द्यायची आणि भरल्यावर रोलवरची नवी टिकली लावून द्यायची. डब्यावर कारखान्यातूनच लावलेली बशीएवढी मोठी टिकली असे. कायदा करणाऱ्यांनी सगळा विचार केला होता. फक्त एक गोष्ट माणसावर सोडली होती: भरण्याआधी दुकानदारानं डब्याच्या टिकलीकडे पाहावं. छोटी टिकली दाबल्यापासूनच मोजायला लागते. त्याआधी डब्यात काय झालं, ते तिला माहीत नसतं.

निर्मला पिंपळशेंडे माझी पाचवीपासूनची मैत्रीण. शिवणकाम करते, नवरा खाणीवर पाळीत असतो. तिची एकुलती एक मुलगी पालवी, चौदा वर्षांची. पालवीच्या कातडीत जन्मतःच रंग नाही. केस कपाशीसारखे, पापण्या पांढऱ्या, नजर अधू. अशा कातडीला आमचं ऊन म्हणजे उघडा तवा. पोर लहानपणापासून पडद्याआड वाढली. शाळेत जाताना छत्री, दुपट्टा, गॉगल, आणि मैदानाच्या बाजूची खिडकी बंद.

पण तिला खो-खोचं वेड. आणि नुसतं वेड नव्हे, पोरीच्या पायांत काहीतरी होतं. डोळ्यांनी कमी दिसायचं म्हणून ती कानांनी खेळायची. मागून येणाऱ्याची पावलं ऐकूनच ती वळायची, आणि पाठलाग करणारी हात झटकत पुढं निघून जायची. शाळेच्या बंद हॉलमध्ये मी तिला पाहिलं होतं. एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या निवडीचं शिबिर लागलं, सकाळी सात ते दहा, उघड्या मैदानावर. निर्मला नाही म्हणाली. मग पालवी माझ्याकडे आली, आणि मी निर्मलाकडे गेले.

"सोड व तिले," मी म्हटलं. "आता का आधीसारखं आहे? टिकली आहे ना. हिरवी म्हणजे हिरवी."

"अन् कान?" निर्मला म्हणाली. "दुपट्टा बांधला तं म्हणते, मले पाय ऐकू येत नाही. कान उघडेच ठेवाचे म्हणते हे पोट्टी."

"मंग राहू दे उघडे. लोशन कायले आहे?"

मी तिला खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण दिलं. चेहरा, मान, कान आणि पंजे मिळून दहाच्या खुणेपर्यंत भरायचं, मैदानावर जायच्या वीस मिनिटं आधी लावायचं. पालवीला सांगितलं, रोज सकाळी बाटलीचा फोटो काढत जा, तारीख येते त्यावर. आई घाबरली की दाखवायचा. पोरीनं माझ्या गळ्यात हात टाकले. "मावशी, तू नसती तं मी म्हातारी होऊन खोलीतच मेली असती," असं चौदा वर्षांच्या तोंडानं म्हणाली.

शिबिराच्या पहिल्या आठवड्यात सलग चार दिवस दुपारची वीज गेली. डबा ठेवते त्या मागच्या खोलीवर पत्रे आहेत. आत शिरलं की डोळे कोरडे पडत. सोमवारी डब्याची टिकली पिवळी होती, शुक्रवारी तपकिरी. नवा डबा दहा दिवसांनी येणार होता. बाहेर बायकांची रांग, सौर पार्कवर काच पुसायला जाणाऱ्या, तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या. रत्नाताईकडे आहे म्हणून तीन-तीन किलोमीटरवरून आलेल्या. त्यांना नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मी स्वतःला म्हटलं, अगदीच मेलं नसेल. काहीच नसण्यापेक्षा अर्धंमुर्धं बरं. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि डबा फिरवून ठेवला.

शनिवारी पालवी आली. "मावशी, परवापासून खरी निवड आहे. बाटली पुरी भर."

मी भरली. नेहमीसारखं मापाच्या वर थोडं जास्तच दिलं, कारण ती पालवी. टिकली लावली आणि नेहमीसारखं तिलाच दाबू दिलं. ते तिला फार आवडायचं. अंगठ्याखाली टिच् असा बारीक आवाज आला. टिकली हिरवीगार होती. मला त्या क्षणी काही वाटलं नाही. काहीच वाटलं नव्हतं. मी पुढच्या बाईला विचारलं, "किती देऊ?"

पालवीची निवड झाली. पण निवड चालू असतानाच, तिसऱ्या दिवशी, तिच्या मानेवर आणि कानांवर फोड आले.

निर्मला दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "मीच कुठं चुकली असन व," ती म्हणाली. "सकाळी घाई असते. कानाच्या मागं राहत असन."

तोंडाशी आलं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर पोर दुसऱ्या दिवशी घरी राहिली असती. रांगेतल्या बायकांनाही कळलं असतं. पण रांग उभी होती आणि ऐकत होती. मी काय म्हणाले ते ऐका. मी म्हणाले, "जाड थर लावत जा, निर्मला."

ती बिचारी जाड थर लावत राहिली. पोर उरलेले आठ दिवस मैदानावर गेली. नवा डबा आला, मी जुना धुऊन मागच्या खोलीत ठेवून दिला. रिकामा डबा कंपनीला परत करताना त्याच्या टिकलीचा फोटो पाठवावा लागतो. मी परत केलाच नाही.

दसऱ्याच्या सुमारास पालवीच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली धरली. पडायची, पुन्हा धरायची, रक्त यायचं. नागपूरला तुकडा काढून तपासला तेव्हा कॅन्सर निघाला. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. वेळेत सापडलं म्हणून जीव वाचला, अर्धा कान गेला. मीही सोबत गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा रोग एका उन्हाळ्याचा नसतो. चौदा वर्षांचं ऊन साचलेलं असतं. पण या उन्हाळ्यात जे भाजलंय, त्यानं घाई केली." यातलं पहिलं वाक्य मी घरी आणलं आणि तीन महिने उशाशी घेऊन झोपले. दुसरं मी ऐकलंच नाही असं ठरवलं.

तक्रार निर्मलानंच केली. कायद्यानं ते सोपं केलं होतं, फोनवरून टिकलीचे फोटो टाकले की झालं. तिची समजूत होती, की कंपनीचं लोशनच कच्चं. फेब्रुवारीत चंद्रपूरला ग्राहक आयोगापुढं सुनावणी लागली आणि मला साक्षीला बोलावलं. निर्मलानंच माझं नाव दिलं होतं.

कंपनीकडून एक तज्ज्ञ आले होते, चांगले सभ्य गृहस्थ. त्यांनी पालवीचे सगळे फोटो पडद्यावर ओळीनं लावले. चौदा सकाळी, चौदा तारखा, चौदा हिरव्या टिकल्या.

"टिकली खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "लोशन उत्तम होतं. मग उरतो तो वापर. बहुतेक लोक सांगितल्याच्या निम्मंच लावतात, हा जगभरचा अनुभव आहे. यात आईंना दोष देण्याचा माझा हेतू नाही."

अध्यक्षबाईंनी निर्मलाला विचारलं, "तुम्ही किती लावत होतात?"

"दहाच्या खुणेवरी जी." मग ती थांबली. "तसं... घाईत कधी कमी भरलं असन. आता पक्कं नाही सांगता येत."

मला विचारलं, "टिकली तुमच्यासमोर लावली?"

"हो."

"कोणत्या रंगाची होती?"

"हिरवी."

माझं प्रत्येक वाक्य खरं होतं. डब्याबद्दल कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ज्या टिकलीनं गिऱ्हाइकाला वाचवायचं, तीच गिऱ्हाइकाविरुद्ध साक्षीदार झाली, आणि तिच्या शेजारी दुसरी साक्षीदार मी. पुढची तारीख आठवड्यानंतरची पडली.

परतीच्या बसमध्ये निर्मला खिडकीशी बसली होती. भद्रावती मागं पडलं. मग एकदम म्हणाली, "तू आली म्हणून धीर आला व. नाही तं कोण आहे मले?"

मी पिशवीचे बंद आवळत बसले.

"पालवी मले हात लावू देत नाही, रत्ना. ऑपरेशन झालं तवापासून. लोशन आपल्याच हातानं लावते. मागं पोचत नाही तरी. मी जवळ गेली तं म्हणते, तुझ्यानं झालं असतं तं माझा कान असता."

मला वाटलं, बस थांबावी आणि मी उतरून चालायला लागावं.

तिनं पर्समधून काहीतरी काढलं. खोकल्याच्या औषधाचं झाकण. दहाची रेघ घासून घासून पुसट झाली होती. पाण्याच्या बाटलीतून तिनं त्यात पाणी ओतलं. बस हलत होती, पाणी तिच्या साडीवर सांडत होतं.

"मी रोज भरून पाहतो, तुले सांगतो," ती म्हणाली. "पालवी शाळेत गेली का आपल्याच हातावर लावून पाहतो. एवढंच होतं ना? का आठपर्यंतच भरत होती मी? तू पाह्य बरं. तुले समजते." आणि ते झाकण तिनं माझ्या डोळ्यांसमोर धरलं. पाणी बरोबर दहाच्या रेघेला होतं.

मी म्हटलं, "उतरल्यावर दुकानात चल."

दुपारचे तीन वाजले होते. दुकानाचं शटर मी अर्धंच उचललं. तिला मागच्या खोलीत नेलं. तो डबा कोपऱ्यात होता, वर रिकाम्या खोक्यांची चळत. खोकी काढली आणि डबा फिरवला. मोठी टिकली आता काळपट झाली होती. तिच्याखाली मीच मार्करनं लिहिलेल्या तारखा होत्या, कारण दर सोमवारी आणि शुक्रवारी रंग पाहून लिहायची मला सवय आहे. शेवटची तारीख एप्रिलमधली, शुक्रवारची. समोर एकच शब्द, तपकिरी. अक्षर माझंच.

"हा पालवीच्या लोशनचा डबा," मी म्हणाले. "मी शनिवारी यातूनच भरलं. मले माहीत होतं."

निर्मलानं तारीख वाचली. पुन्हा वाचली. बोटावर काहीतरी मोजलं. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

"मंग," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता, "मी बरोबर लावत होती?"

"हो."

"कानाच्या मागं पण?"

"तू सगळं बरोबर करत होतीस, निर्मला."

ती खोक्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. माझ्यावर चिडून नाही, हे मला दिसत होतं. दहा महिने ती जे ओझं वाहत होती ते माझं होतं, आणि आत्ता कुठं ते तिनं खाली ठेवलं होतं. मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले. तिनं हात नुसता बाजूला केला, अंगावरची माशी उडवावी तसा.

"आयोगापुढं सांगशीन?" तिनं विचारलं.

"पुढच्या तारखेले सांगतो. डबा घेऊन जातो. लायसन जाईन."

"जाऊ दे," ती म्हणाली. जराही रेंगाळली नाही. "बाकीच्या बायाईले पण सांगाचं. ज्यायनं ज्यायनं नेलं त्या सगळ्याईले. पण आधी पालवीले सांग. आताच चल."

पालवी खोलीत होती. पडदे ओढलेले, आरशाच्या कडेला वाळलेल्या तपकिरी टिकल्यांची रांग. मला पाहून तिनं जागा करून दिली. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, काहीही न गाळता. वीज गेली ते, टिकली तपकिरी झाली ते, डबा फिरवला ते, जाड थर लाव म्हणाले तेही. सांगताना तिच्या कानाकडे पाहायचं असं मी ठरवलं होतं आणि पाहत राहिले.

तिनं मध्येच एकदा विचारलं, "पण टिकली मी दाबली होती ना?"

"हो. तूच दाबली."

"अन् फोटो पण मीच काढले."

"हो."

 ती मला शिव्या देईल, रडेल, निघ म्हणेल, या सगळ्याची मी तयारी करून आले होते. तिनं यातलं काहीच केलं नाही. उठली, टेबलावरची लोशनची बाटली घेतली आणि दाराशी उभ्या असलेल्या आईसमोर जाऊन पाठ करून उभी राहिली. एका हातानं तिनं पांढरे केस वर धरले. कापलेला कान आणि त्यामागची लालसर झालेली कातडी, जिथं ऑपरेशनपासून तिचा हात पोचत नव्हता, ती उघडी पडली.

"आई," ती म्हणाली, "पाच वाजता ग्राउंडवर जातो. खेळत नाही, पाह्यतो फक्त. मागून लावून दे."

 निर्मलानं पर्समधून झाकण काढलं, बाटली उघडली आणि ओतता ओतता थांबली. बाटलीवरची टिकली हिरवी होती. तिनं टिकलीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं.

"हे कधीचं आहे?"

"मागच्या सोमवारी भरलेलं," मी म्हणाले. "नव्या डब्यातलं. डब्याची टिकली हिरवी होती."

ती माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग दहाच्या रेघेपर्यंत भरून लेकीच्या कानाला लावायला लागली.